पीएसए ते रोबोट: प्रोस्टेटची तपासणी आणि ऑपरेशन सोलापुरातून कसं पार पाडायचं

पीएसए, म्हणजे मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीत बनणारं आणि रक्तात मोजलं जाणारं प्रथिन, वाढल्याचा रिपोर्ट हातात पडला की घरात पहिला प्रश्न निघतो, "पुण्याला न्यायचं का हैदराबादला?" कुणीतरी रोबोटिक ऑपरेशनचा व्हिडिओ पाठवलेला असतो, कुणाचे तरी मेहुणे तिथं बरे होऊन आलेले असतात. पण गाव ठरवणं यादीत बरंच खाली येतं. पीएसएची खातरजमा, एमआरआय, बायोप्सी (सुईने ग्रंथीचे तुकडे काढून तपासणं), शुगर-बीपी आटोक्यात आणणं ही कामं सोलापुरात राहून होतात, आणि ऑपरेशनचं बरं-वाईट पुष्कळदा इथंच ठरून जातं. चुकीच्या दिवशी दिलेलं रक्त, घाईत उरकलेली बायोप्सी, लॅबमध्येच पडून राहिलेले बायोप्सीचे ब्लॉक यांची भरपाई कोणतंही मशीन करत नाही. म्हणून खालची माहितीही त्याच क्रमाने घेतली आहे.

कुणी तपासायचं आणि कुणी नाही

प्रोस्टेटसाठी आपल्याकडे सरकारी सरसकट तपासणी मोहीम नाही. राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीनच कॅन्सरची तपासणी होते. त्यामुळे पीएसए करायची की नाही हे ज्याने त्याने डॉक्टरांशी बोलून ठरवायचं.

साधारण हिशेब असा: तक्रार काही नसेल तर वयाच्या ५० नंतर विचार करायचा. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर झालेला असेल तर ४५ पासून. आई-बहिणीला कमी वयात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल आणि घरात बीआरसीए-२ जनुकातला दोष सापडला असेल तर ४० पासून. सत्तरी ओलांडली असेल, हृदय किंवा किडनी आधीच थकलेली असेल, तर निव्वळ हौसेखातर पीएसए काढू नये. प्रोस्टेटचा कॅन्सर बहुतेक वेळा इतका सावकाश वाढतो की दहा वर्षांचं आयुष्य समोर नसेल तर त्याचा शोध लावून फायदा होत नाही, मागे लागतो तो त्रासच. 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजमध्ये ७८ वर्षांच्या आजोबांचा पीएसए काढला जातो आणि पुढचे सहा महिने अख्खं घर टांगणीला लागतं, हे टाळता येतं.

फायदा किती, हेही आकड्यात सांगायला हवं. युरोपात ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात, २३ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, ४५६ जणांना तपासणीला बोलावल्यामागे एक मृत्यू टळला. म्हणजे फायदा खरा आहे, पण डोळे झाकून सगळ्यांनी धावत सुटावं इतका नाही.

लघवीची धार बारीक होणं, रात्रीतून चारदा उठावं लागणं, थेंब थेंब होणं, हे बहुतेकदा वयानुसार ग्रंथी वाढल्याने होतं, कॅन्सरने नव्हे. उलट सुरुवातीचा कॅन्सर काहीच लक्षण दाखवत नाही. त्यामुळे "मला काही त्रास नाही, मग कशाला" आणि "धार बारीक झाली म्हणजे कॅन्सरच" ही दोन्ही टोकं चूक. मात्र कंबर किंवा पाठीचं हाड सतत दुखतंय आणि त्यात पायातली ताकद कमी होऊ लागली, तर तपासण्यांची वाट न पाहता त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचं. मणक्यावर दाब आलेला असू शकतो आणि तिथं तासांचा हिशेब असतो.

रक्त देण्याआधीचे नियम

पीएसएसाठी उपाशीपोटी राहावं लागत नाही. पुढच्या गोष्टी मात्र पाळायच्या, कारण त्या न पाळल्यानेच निम्मा गोंधळ होतो.

रक्त देण्याआधी ४८ तास संबंध किंवा वीर्यस्खलन नको, लांबवर सायकल चालवणंही नको. लघवीला जळजळ, ताप, इन्फेक्शन झालेलं असेल तर उपचार संपल्यावर सहा ते आठ आठवडे थांबायचं. लघवी अडकून नळी घातली असेल, दुर्बिणीने तपासणी झाली असेल, तरी तेवढंच थांबायचं. आपल्याकडे नेमकं उलटं होतं: लघवी अडकली म्हणून रात्री नळी घातली जाते आणि सकाळी पीएसएसाठी रक्त जातं. तो आकडा ३० आला काय नि ४० आला काय, त्यावरून काही ठरवता येत नाही.

गोळ्यांची चिठ्ठी सोबत ठेवा. प्रोस्टेट आक्रसण्यासाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड सहा महिने चालू असेल तर पीएसए साधारण निम्मा दिसतो. अशा माणसाचा २.८ आला तर तो ५.६ धरायचा. केसांसाठीच्या गोळ्यांतही कधी फिनास्टेराइड असतं, तेही सांगा. केस-नखांच्या ज्या गोळ्यांत बायोटिन जास्त असतं, त्यांनी काही मशीनवर आकडा खोटा कमी येतो. त्या दोन-तीन दिवस आधी बंद करायच्या.

आणि दर वेळी एकाच लॅबमध्ये रक्त द्या. वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटमध्ये एकाच रक्ताचे आकडे २०-२५ टक्क्यांनी वेगळे येऊ शकतात. मागच्या वर्षी एका लॅबमध्ये ३.४ आणि यंदा दुसरीकडे ४.१, एवढ्यावरून "वाढतंय" म्हणता येत नाही.

पीएसएबरोबर बोटाने तपासणीही करून घ्या. मिनिटभराचं काम आहे, पण रुग्ण लाजतो आणि डॉक्टरही गर्दीत सोडून देतात. पीएसए साधा असूनही ग्रंथीवर कडक गाठ लागली तर पुढची तपासणी करावीच लागते. काही आक्रमक कॅन्सर पीएसए फारसा बनवतच नाहीत.

आकडा वाचताना

रिपोर्टवर छापलेली ४ ची मर्यादा सगळ्या वयांना सारखी लागू होत नाही. चाळिशीत २.५, पन्नाशीत ३.५, साठीत ४.५ आणि सत्तरीत ६.५ असा वयानुसारचा अंदाज यूरोलॉजिस्ट धरतात. ४ ते १० या पट्ट्यात चौघांपैकी साधारण एकालाच कॅन्सर निघतो. १० च्या वर ही शक्यता निम्म्याच्या पुढे जाते.

एकदा वाढलेला आला तर पहिलं पाऊल: चार-सहा आठवड्यांनी वरचे नियम पाळून पुन्हा काढणं. पुष्कळांचा आपोआप खाली येतो. दुसऱ्यांदाही ४ ते १० मध्येच राहिला तर फ्री पीएसए (रक्तातल्या प्रथिनांना न चिकटता मोकळा फिरणारा पीएसए) सोबत काढतात. फ्रीचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर असेल तर धीर धरता येतो, १० टक्क्यांच्या खाली असेल तर पुढं जायचंच.

यापेक्षा कामाचा हिशेब म्हणजे पीएसए घनता, आणि तो घरीही करता येतो. सोनोग्राफीच्या किंवा एमआरआयच्या रिपोर्टवर प्रोस्टेटचं आकारमान सीसीमध्ये लिहिलेलं असतं. पीएसएला त्या आकड्याने भागा. पीएसए ६ आणि ग्रंथी ८० सीसी असेल तर उत्तर ०.०७५, म्हणजे मोठ्या ग्रंथीला शोभेल असाच पीएसए आहे. तोच ६ पण ग्रंथी फक्त ३० सीसी असेल तर उत्तर ०.२०. रेषा ०.१५ च्या आसपास आहे. वर गेलं की संशय वाढतो.

आधी एमआरआय, मग सुई

इथं सगळ्यात जास्त घाई होते. पीएसए वाढला की लगेच बायोप्सी आणि नंतर एमआरआय, हा उलटा क्रम आहे. सुईने ग्रंथीत रक्त साकळतं, आणि ते एमआरआयवर सहा-आठ आठवडे गाठीसारखं दिसत राहतं. आधी एमआरआय केला तर नेमकी कुठली जागा टोचायची ते कळतं, आणि काही जणांना बायोप्सीच लागत नाही.

सेंटरवर सांगताना "प्रोस्टेटचा मल्टिपॅरामेट्रिक एमआरआय" असं स्पष्ट सांगा. साधा पोटाचा एमआरआय उपयोगाचा नाही. रिपोर्टमध्ये पाय-रॅड्स १ ते ५ हा कॅन्सरचा संशय किती ते सांगणारा गुण हवा. १-२ असेल तर सहसा थांबता येतं, ४-५ असेल तर बायोप्सी, आणि ३ असेल तर पीएसए घनता पाहून ठरवतात. गुणच लिहिलेला नसेल तर रेडिओलॉजिस्टकडून लिहून घ्या. फिल्मबरोबर सीडी मागा. पुण्या-मुंबईचा सर्जन फिल्म उजेडात धरून पाहत नाही, सीडी लावतो. सीडी नसली की तपासणी नव्याने, खर्चही नव्याने.

बायोप्सी दोन वाटांनी होते, गुदद्वारातून किंवा गुदद्वार आणि अंडकोश यांच्यामधल्या त्वचेतून. दुसऱ्या वाटेत जंतुसंसर्ग कमी होतो, मिळत असेल तर तीच घ्यावी. साधारण १२ तुकडे ठरावीक जागांवरून आणि एमआरआयमध्ये दिसलेल्या गाठीतून आणखी दोन-चार. ॲस्पिरिन बहुतेक वेळा चालू ठेवता येते. क्लोपिडोग्रेल पाच-सात दिवस बंद करावी लागते, पण स्टेंट बसवलेला असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्वतःच्या मनाने एकही गोळी थांबवू नका.

बायोप्सीनंतर लघवीत दोन-चार दिवस आणि वीर्यात काही आठवडे रक्त दिसतं, त्याला घाबरायचं कारण नाही. थंडी वाजून ताप आला मात्र, तर क्रोसिन घेऊन सकाळची वाट पाहत बसू नका. रक्तात जंतू पसरल्याची ती खूण असू शकते. त्याच रात्री दवाखाना. अक्कलकोट, मंगळवेढा, सांगोला भागातल्या रुग्णाने बायोप्सीची रात्र सोलापुरातच नातेवाइकांकडे काढली तर बरं.

तुकडे कुठून घेतले त्यानुसार वेगवेगळ्या डब्यांत पाठवले गेले का, एवढं विचारून घ्या. सगळे एका डबीत टाकले तर कॅन्सर कुठल्या बाजूला किती आहे हे कळत नाही, आणि पुढे ऑपरेशनमध्ये ताठरतेसाठी लागणारी कोणती नस वाचवायची हे ठरवणारी माहिती तीच असते. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये किती तुकडे, त्यातले किती बाधित, प्रत्येकात किती टक्के, ग्लीसन स्कोअर आणि ग्रेड ग्रुप (कॅन्सर किती आक्रमक ते सांगणारे आकडे) हे सगळं असावं. ३+३ म्हणजे ग्रुप १, ३+४ ग्रुप २, ४+३ ग्रुप ३, बेरीज ८ म्हणजे ग्रुप ४, आणि ९-१० म्हणजे ग्रुप ५. ३+४ आणि ४+३ ची बेरीज सातच येते, पण दुसरा जास्त जोखमीचा. तुकडे बसवलेले मेणाचे ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड्स लॅबकडून सही करून ताब्यात घ्या. मोठ्या रुग्णालयात त्या पुन्हा तपासतात. नेल्या नाहीत तर एक चक्कर वाढते. ब्लॉक काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या डिकीत ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये सोलापूरच्या उन्हात बंद गाडीत मेण मऊ पडतं.

लघवीतून रक्त: ही वेगळी वाट

प्रोस्टेटच्या चर्चेत मूत्राशय मागे पडतं, आणि सोलापूरला ते परवडणारं नाही. कारण तंबाखू. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत मूत्राशयाचा कॅन्सर कितीतरी जास्त होतो, ओढणं सुटल्यावरही जोखीम काही वर्षं रेंगाळते. दुसरं कारण जुन्या रंगांचं. बेंझिडीनपासून बनणाऱ्या रंगांवर आपल्याकडे १९९० च्या दशकात बंदी आली. पण या रसायनांचा परिणाम वीस-तीस वर्षांनी दिसतो. तेव्हा चादरी-टॉवेलचं सूत रंगवण्यात ज्यांची हयात गेली, ते आज साठी-सत्तरीत आहेत आणि या यादीत पहिले येतात.

खूण एकच: न दुखता लघवीतून रक्त जाणं. एकदाच गेलं आणि थांबलं तरी. उन्हाळ्यात कुणी म्हणतं "उन्हाळी लागली", धण्या-जिऱ्याचं पाणी सुरू होतं, दोन दिवसांत रंग स्वच्छ होतो आणि विषय मिटतो. गाठ अशीच अधूनमधून रक्त सोडते. थांबणं हा तिचा स्वभाव आहे, बरं झाल्याचं लक्षण नाही. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत म्हणून रक्त आलं असेल, असं म्हणूनही सोडून देऊ नका.

तपासणी तीन पायऱ्यांची: सोनोग्राफी, लघवीची सायटोलॉजी (लघवीतल्या पेशींची तपासणी) आणि सिस्टोस्कोपी (दुर्बिणीने मूत्राशय आतून पाहणं). फक्त सोनोग्राफीवर समाधान मानू नका, लहान गाठ आणि अस्तरातच पसरलेला चपटा कॅन्सर तिच्यात निसटतो. सायटोलॉजीसाठी सकाळची पहिली लघवी देऊ नका, रात्रभर साठलेल्या लघवीत पेशी खराब होतात. दुसऱ्या वेळची, ताजी, आणि दोन-तीन तासांत लॅबमध्ये पोचेल अशी द्या. किडनीतली गाठ बहुतेकदा दुसऱ्याच कारणाने केलेल्या सोनोग्राफीत सापडते. तिचा पुढचा मार्ग सीटी स्कॅनवरून ठरतो आणि त्याआधी क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासावं लागतं.

रोबोट नेमकं काय करतो

मशीन स्वतः काहीच करत नाही. सर्जन काही फुटांवरच्या कन्सोलवर बसून हात हलवतो, तसे रुग्णाच्या पोटातले हात हलतात. साधारण ८ मिलिमीटरची चार छिद्रं मशीनची, एक-दोन मदतनीसाची. पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, टेबल डोक्याकडे २५ ते ३० अंश खाली झुकवतात म्हणजे आतडी वर सरकतात आणि ओटीपोट मोकळं होतं. सर्जनला आतलं दृश्य मोठं आणि खोलीसह दिसतं, अवजाराचं टोक मनगटासारखं वळतं, हाताचा कंप गाळला जातो. बहुतेक मशीनमध्ये स्पर्श मात्र कळत नाही, सगळं डोळ्यांवर चालतं. दा विंची हे मशीन अमेरिकेत २००० मध्ये मंजूर झालं. आता भारतात बनलेलं एसएसआय मंत्राही वापरात आहे.

प्रोस्टेट काढून टाकल्यावर मूत्राशयाचं तोंड खाली मूत्रनलिकेला गोल शिवावं लागतं. जागा अरुंद, हाडाच्या मागे. हा टाका पाणी न गळता बसणं आणि ग्रंथीच्या दोन्ही बाजूंना चिकटलेल्या बारीक नसा न दुखावता सोडवणं, यासाठी ते वळणारं टोक उपयोगी पडतं. किडनीतली गाठ तेवढीच कापून उरलेली किडनी वाचवायची असते, तिथं तर आमच्या मते रोबोटचं मोल जास्त आहे: रक्तवाहिनी चिमट्यात धरल्यापासून साधारण २५-३० मिनिटांत गाठ काढून शिवण पूर्ण करावी लागते. ४ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीत किडनी वाचवण्याचाच विचार आधी व्हायला हवा. "पूर्ण किडनी काढू" असं सांगितलं तर दुसरं मत घ्या.

आता जाहिरातीत न येणारी गोष्ट. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला रोबोटिक आणि उघड्या प्रोस्टेट ऑपरेशनची थेट तुलना झाली. रोबोटमध्ये रक्त कमी गेलं, घरी लवकर सोडलं. लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता यांत २४ महिन्यांनंतरही दोन्हींत फरक दिसला नाही. म्हणजे पैशापायी रोबोट जमत नसेल तर कॅन्सरचा उपचार हलका झाला असं समजू नका. हातखंडा सर्जनचं उघडं ऑपरेशन नवख्या हातातल्या रोबोटपेक्षा केव्हाही बरं.

आणि प्रत्येकाला ऑपरेशन लागतंच असंही नाही. ब्रिटनमधल्या अभ्यासात ग्रंथीपुरत्या मर्यादित कॅन्सरच्या पुरुषांना नजर ठेवणं, ऑपरेशन आणि किरणोपचार अशा तीन गटांत वाटलं. १५ वर्षांनंतर प्रोस्टेटच्या कॅन्सरने दगावलेले तिन्ही गटांत साधारण ३ टक्केच. ग्रेड ग्रुप १ असेल, पीएसए १० च्या आत असेल, तर दर सहा महिन्यांनी पीएसए, वर्षातून एकदा बोटाने तपासणी, आणि ठरलेल्या वेळी पुन्हा एमआरआय-बायोप्सी, हा रीतसर उपचारच आहे. सोलापुरातून हे सहज निभतं. उलट ग्रुप ४-५ असेल किंवा पीएसए २० च्या वर असेल, तर चाकू लावण्याआधी पीएसएमए पेट स्कॅन (प्रोस्टेटचा कॅन्सर शरीरात कुठं पसरला ते दाखवणारा स्कॅन) करून कॅन्सर हाडांत गेला नाही ना हे बघायला हवं.

सर्जन, पैसा, कागद

कुठलं मशीन आहे हे शेवटी विचारा. आधी विचारा: तुम्ही स्वतः आजवर किती रोबोटिक प्रोस्टेट ऑपरेशन केली, वर्षाला किती करता, कन्सोलवर पूर्णवेळ तुम्हीच बसणार का, तुमच्या रुग्णांपैकी वर्षभरानंतर किती जणांना लघवी गळते म्हणून पॅड लागतो? वर्षाला भरपूर प्रोस्टेट ऑपरेशन होतात अशा ठिकाणी जाणं बरं. या प्रश्नांवर चिडणारा डॉक्टर असेल तर दुसरा शोधा. चांगले सर्जन आकडे सांगतात.

विमा असेल तर पॉलिसीत "आधुनिक उपचार" हा भाग काढून वाचा. विमा नियामकाच्या नियमानुसार रोबोटिक सर्जरी पूर्णपणे नाकारता येत नाही, पण कंपनी त्यावर वेगळी मर्यादा घालू शकते. १० लाखांच्या पॉलिसीत रोबोटसाठी निम्मीच रक्कम असं आढळतं, आणि ते डिस्चार्जच्या दिवशी कळलं की धावपळ होते. महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत ठरलेली पॅकेज असतात. योजनेच्या काउंटरवरच्या आरोग्यमित्राला आधीच विचारा: हे ऑपरेशन पॅकेजमध्ये आहे का, आणि रोबोटने केलं तरी त्यात बसतं का? रेशन कार्ड आणि आधार यांवरची नावं जुळत नसतील तर ती दुरुस्ती सोलापुरातच उरकून निघा.

रुग्णालयाचं कोटेशन लेखी घ्या आणि त्यात मशीनची अवजारं, भूल, काढलेल्या ग्रंथीची पॅथॉलॉजी, एक जादा दिवस, हे धरलं आहे का ते तपासा. खोलीचा दर्जा वाढवला की इतर आकारही वाढतात, हे पुष्कळांना नंतर उमगतं.

ऑपरेशनआधीचा महिना

बायोप्सीनंतर साधारण सहा आठवडे थांबतात, सूज उतरल्याशिवाय ग्रंथी आजूबाजूपासून नीट सुटत नाही. या काळात कॅन्सर पसरेल म्हणून जीव काढू नका. तेवढ्याच दिवसांत विडी-सिगारेट बंद करा, निदान चार आठवडे आधी. शुगर ताब्यात आणा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या ऑपरेशनच्या तीन दिवस आधी थांबवतात, कारण त्यांनी शुगर साधी दिसत असतानाही रक्तात आम्ल वाढू शकतं. हे आपल्या फिजिशियनकडून लिहून घ्या. काचबिंदू असेल तर सर्जनला आणि भुलेच्या डॉक्टरांना सांगाच. तासन्‌तास डोकं खाली राहिल्याने डोळ्यातला दाब वाढतो. पोटाचं आधी काही ऑपरेशन झालं असेल तर त्याचा कागद सोबत ठेवा.

ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम आत्ताच सुरू करा. वारा सरणं रोखतो तसे स्नायू आत ओढायचे, पाच सेकंद धरायचे, दहा सेकंद सोडायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट किंवा मांडी आवळली जात असेल तर चुकतंय. नळी आत असताना हा व्यायाम करायचा नाही. निघाली की पुन्हा सुरू.

ऑपरेशननंतर वीर्य बाहेर येत नाही, हे कायमचं आहे. मूल हवं असेल तर आधी वीर्य गोठवून ठेवायला लागेल. ताठरता परत येते की नाही हे वय, आधीची क्षमता आणि नसा वाचवता आल्या का यावर ठरतं. दीड-दोन वर्षंही लागतात. हे बोलणं पत्नीसमोर, ऑपरेशनआधी झालेलं बरं.

नळीसकट घरी

दोन-तीन दिवसांत घरी सोडतात, मूत्राशयात नळी सात ते दहा दिवस राहते. पुणे-सोलापूर अडीचशे किलोमीटर. निघताना पिशवी रिकामी करा, ती मांडीच्या खाली, मूत्राशयापेक्षा खालच्या पातळीवर राहू द्या. मांडीवर किंवा सीटवर घेतली तर लघवी मागे वळते. नळी मांडीला चिकटपट्टीने धरून ठेवलेली असावी. दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून पाच मिनिटं चालायचं, पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. त्यासाठीची इंजेक्शनं लिहून दिली असतील तर घरी आल्यावरही पुरी करा.

घरी आल्यावर सगळ्यात महत्त्वाचा नियम: नळी चुकून निघाली, तर जवळच्या दवाखान्यात ती पुन्हा घालून घेऊ नका. ताजा टाका तिथंच असतो आणि अंदाजाने घातलेली नळी तो फाडते. आधी ऑपरेशन केलेल्या सर्जनला फोन, मग त्यांच्या सांगण्याप्रमाणे सोलापुरातल्या यूरोलॉजिस्टकडे. डिस्चार्ज कार्डावर "नळी सर्जनला विचारल्याशिवाय घालू-काढू नये" असं ठळक लिहून घ्या आणि घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

दोन तास पिशवीत थेंब नाही आणि ओटीपोट फुगून दुखतंय, तर नळी तुंबली आहे. आधी नळी कुठं मुरगळली का पाहा, मग फोन. नळीच्या कडेने थोडी लघवी झिरपणं, मधूनच कळ येणं हे मूत्राशयाच्या आकडीमुळे होतं, त्याला गोळी असते. लघवी गुलाबी चालते. टोमॅटोच्या रसासारखी दाट झाली, गुठळ्या आल्या, ताप आला, पोटरी एका बाजूची सुजली किंवा धाप लागली तर थांबायचं नाही.

शौचाला कुंथणं नको. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी महिनाभर बाजूला. मऊ भाकरी, ताक, भाजी, पपई आणि डॉक्टरांनी दिलेलं पातळ औषध. गुदद्वारातून एनिमा किंवा सपोझिटरी कुणी सुचवली तरी सर्जनला विचारल्याशिवाय नको, आतली भिंत नाजूक असते. चार-पाच किलोपेक्षा जड काही सहा आठवडे उचलायचं नाही, मोटरसायकलही तोवर नको. शेतावर जाऊन बसायला हरकत नाही, मोटर चालू करायला वाकून ओढाताण नको.

नळी निघाल्यावर पहिले काही दिवस लघवी गळते. मोठ्या माणसांचे पॅड आधीच आणून ठेवा आणि रोज किती लागले ते कॅलेंडरवर लिहा. बहुतेकांचं तीन ते सहा महिन्यांत सुधारतं, काहींना वर्ष लागतं. गळतंय म्हणून पाणी कमी पिऊ नका, सोलापूरच्या उन्हाळ्यात त्याने मुतखडा आणि इन्फेक्शन मागे लागतं. कमी करायचा तो चहा.

पुढचे पीएसए

पहिला पीएसए सहा ते आठ आठवड्यांनी. ग्रंथीच उरली नसल्याने तो ०.१ च्या खाली असायला हवा. मग सुरुवातीला दर तीन-सहा महिन्यांनी, तोही एकाच लॅबमध्ये, आणि दशांशानंतर दोन आकडे देणाऱ्या मशीनवर. रिपोर्टवर "नॉर्मल ४ पर्यंत" छापलेलं असतं. ते तुम्हाला आता लागू नाही. ०.८ आला आणि लॅबवाला "नॉर्मल आहे" म्हणाला म्हणून वर्ष वाया घालवू नका. दोनदा ०.२ किंवा वर गेला तर त्याला कॅन्सर परतल्याची खूण मानतात, आणि किरणोपचार ०.५ च्या आत सुरू झाले तर त्यांचा उपयोग जास्त होतो.

ते किरण रोज, सलग कित्येक आठवडे घ्यावे लागतात. त्यासाठी पुण्यात खोली घेऊन राहायलाच हवं असं नाही. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये किरणोपचार होतात, आणि जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांना ते जवळ पडतं. जाताना ऑपरेशनच्या पॅथॉलॉजीचा रिपोर्ट, त्यातली कडा बाधित होती का (काढलेल्या ग्रंथीच्या काठापर्यंत कॅन्सर पोचला होता का) याची नोंद, आणि सगळे पीएसए तारीखवार एका कागदावर लिहून न्या. लघवी अजून गळत असेल तर तेही सांगा. पीएसए सावकाश चढत असेल तर ताबा येईपर्यंत काही आठवडे थांबून किरण सुरू करता येतात.